शाळा कुणाच्या नावावर?
खासगी शिक्षणसंस्थेच्या कायदेशीर अस्तित्वाचा आढावा

सिल्वासाला खेटून असलेल्या सामरवरणीत मुलाला खासगी शाळेत घालायचे ठरले की पालक तीन गोष्टी विचारतात: फी किती, बोर्ड कोणते, माध्यम कोणते. ही शाळा कुणाची, हे सहसा कुणी विचारत नाही. उत्तर फलकावर लिहिलेलेच असते, 'अमुक चॅरिटेबल ट्रस्ट संचालित' किंवा 'तमुक एज्युकेशन सोसायटीची'. पण ट्रस्ट म्हणजे नेमके कोण? ज्यांनी शाळा काढली ती चार माणसे, त्यांची मुले-सुना, वर्गणी भरलेले सदस्य, इमारतीला पैसे देणारे कारखानदार, की अनुदान आणि मान्यता देणारे सरकार? शाळा नवी असते तोवर हा प्रश्न कुणाला टोचत नाही. संस्थापक थकले, जमिनीचे भाव चढले, दोन गट पडले, की सगळ्यात आधी हाच प्रश्न कोर्टात जातो.

तो नवा नाही. अमेरिकेत त्याला जवळपास अडीचशे वर्षे झाली, पुण्या-मुंबईत दीडशे. या काळात कोणती उत्तरे पुढे आली, त्यांतली कोणती टिकली आणि गाठ अजून कुठे सुटलेली नाही, याचा हा आढावा.

सनदेचा रस्ता

१७७८ च्या एप्रिलमध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हर गावी धाकट्या सॅम्युएल फिलिप्स यांनी वडील आणि काका यांच्या पैशांतून एक अकादमी काढली. आधी संस्थेची घटना लिहिली, मग शाळा भरवली. ऑक्टोबर १७८० मध्ये राज्याच्या विधिमंडळाने या एका शाळेसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या दिवसापासून विश्वस्तांचे मंडळ कायद्याच्या नजरेत एक व्यक्ती झाले. त्याच्या नावावर जमीन चढे, त्याला फिर्याद लावता येई, त्याचा स्वतःचा शिक्का असे. विश्वस्त मेले तरी मंडळ मरत नसे, रिकामी जागा उरलेले विश्वस्तच भरत. त्यांची संख्या सात ते तेरा. बहुसंख्य विश्वस्त धर्मोपदेशक नसावेत आणि बहुसंख्य त्याच गावचे रहिवासी नसावेत, असे घटनेतच लिहिलेले होते. ही दुसरी अट मला फार धोरणी वाटते. गावकीच्या भांडणातून शाळा वाचवण्याचा इतका साधा उपाय आपल्याकडच्या संस्थांच्या घटनांत क्वचितच सापडतो. पुढच्याच वर्षी काका जॉन फिलिप्स यांच्या एक्झेटर अकादमीला शेजारच्या न्यू हॅम्पशायरने असाच कायदा करून दिला.

या रस्त्यात एक मेख होती. विधिमंडळ जन्म देऊ शकते, तर तेच पुढे नाव, घटना आणि माणसेही बदलू शकते का? फिलाडेल्फियात हे घडूनही गेले होते. बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १७५१ मध्ये सुरू झालेल्या अकादमीला सनद मिळाली, ती वाढून कॉलेज झाली. १७७९ मध्ये राज्याने जुनी सनद बाजूला सारून तिथे आपले विद्यापीठ उभे केले. दहा वर्षांनी कॉलेजचे हक्क परत आले आणि १७९१ मध्ये दोन्ही संस्था एक झाल्या. अकादम्यांना सरकारी जमिनी मिळू लागल्यावर तर 'पैसा लोकांचा आणि कारभार विश्वस्तांचा' ही तक्रारही सुरू झाली. अनुदानाच्या वादाला तिकडेही फार वाट पाहावी लागली नाही.

निकाल लागला तो डार्टमथ कॉलेजच्या खटल्यात. या कॉलेजला तिसऱ्या जॉर्ज राजाची १७६९ ची सनद होती. १८१६ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाने कायदा करून त्याचे विद्यापीठ केले आणि विश्वस्तांची संख्या वाढवून सरकारी माणसे बसवली. जुने विश्वस्त कोर्टात गेले. त्यांचे वकील डॅनियल वेब्स्टर त्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी होते. १८१९ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला: सनद हा करार आहे आणि राज्यघटनेने राज्यांना करार मोडायला मनाई केली आहे. खासगी देणगीतून उभी राहिलेली संस्था लोकोपयोगी काम करते म्हणून ती सरकारी होत नाही. याविरुद्धची बाजूही कच्ची नव्हती. थॉमस जेफरसन यांनी १८१६ मध्येच न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरना पत्र लिहून म्हटले होते की, आधीच्या पिढीने जे लिहून ठेवले त्याला पुढच्या पिढीने हात लावायचाच नाही, ही कल्पना राजेशाहीला शोभते, प्रजासत्ताकाला नाही. व्यवहारात तोड निघाली ती याच खटल्यातले न्यायमूर्ती स्टोरी यांच्या सूचनेतून. सनद देतानाच 'पुढे बदल करण्याचा हक्क राखून' असे कलम घाला, म्हणजे करारही मोडत नाही. पुढे बहुतेक राज्यांनी तेच केले.

सात माणसे, पन्नास रुपये

आपल्याकडे देवाला, मठाला, वक्फला कायद्यात जुने स्थान होते. शाळेला नव्हते. पाठशाळा गुरुजींची, तालीम उस्तादांची, मिशनची शाळा मिशनची. जोतीराव फुले यांनी १८४८ पासून पुण्यात शाळा काढल्या. त्या चालवण्यासाठी मंडळ्या झाल्या, दक्षिणा फंडातून मदतही मिळाली. पण मंडळी म्हणजे तिच्यातली माणसे, त्यापलीकडे काही नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण आणले आणि अनुदान घ्यायला जबाबदार व्यवस्थापन लागू लागले. मुंबई विद्यापीठासाठी १८५७ मध्ये खास कायदा झाला. प्रत्येक गावच्या शाळेसाठी असा कायदा कोण करणार?

उत्तर आले १८६० च्या २१ व्या कायद्यातून, म्हणजे आजच्या सोसायटी नोंदणी कायद्यातून. सहा वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कायद्याच्या साच्यावर तो बेतलेला होता. सात किंवा अधिक माणसांनी उद्देशपत्रावर सह्या करायच्या, नियमावली जोडायची, पन्नास रुपये भरून निबंधकाकडे द्यायची. 'उपयुक्त ज्ञानाचा प्रसार' हा उद्देश मान्य असल्याने शाळा त्यात बसल्या. अँडोव्हरलाही किमान सातच विश्वस्त होते, हा योगायोग. खरा फरक पुढे आहे. तिकडे विधिमंडळ एकेका संस्थेकडे पाहून शरीर देत होते. इकडे कारकुनाने अर्ज तपासला की काम झाले. इतके स्वस्त दार उघडले नसते तर महाराष्ट्रातल्या शिक्षणसंस्थांचे जाळे उभे राहिले नसते, असे मला वाटते.

मात्र दार स्वस्त असले तरी मिळालेले शरीर अर्धेच होते. मिळकत विश्वस्तांच्या नावे नसेल तर ती नियामक मंडळाकडे आहे असे मानायचे. दावा संस्थेच्या नावाने नव्हे, तर अध्यक्ष, चिटणीस अशा पदाधिकाऱ्याच्या नावाने चालवायचा. तीन पंचमांश सदस्यांनी ठरवले तर संस्था विसर्जित करता येते, पण कर्जे फेडून उरलेला पैसा सदस्यांनी वाटून घ्यायचा नाही, तो दुसऱ्या संस्थेला जातो. हे शेवटचे कलम म्हणजे साऱ्या कायद्याचा कणा आहे. शाळा विकून वाटणी करण्याचा मोह त्याने दीडशे वर्षे रोखला, निदान कागदावर.

केसरी वाटला गेला, शाळा नाही

या कलमाचे वजन पुण्याच्या एका प्रकरणात दिसते. चिपळूणकर आणि टिळकांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. नामजोशी, आगरकर, वामन शिवराम आपटे त्यांना येऊन मिळाले. १८८१ मध्ये याच मंडळींनी 'केसरी' आणि 'मराठा' काढले. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये शाळा चालवण्यासाठी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि दुसऱ्या वर्षी जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज उघडले. वर्तमानपत्रे आणि आर्यभूषण छापखाना मात्र सोसायटीच्या बाहेर, माणसांच्या नावावर राहिला. पुढे मतभेद विकोपाला गेले. आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी का, हा त्यातला मोठा मुद्दा होता. १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले.

बाहेर पडताना त्यांनी शाळेतला वाटा मागितला नाही, कारण वाटा नावाची गोष्टच तिथे नव्हती. वर्तमानपत्रांच्या बाबतीत मात्र हिशेब मांडावा लागला, वाटणी करावी लागली, आणि 'केसरी' व 'मराठा' कर्जासह टिळकांकडे आले. माणसे तीच, भांडण तेच. एका मालमत्तेला कायद्याने धड दिले होते, दुसरीला नव्हते.

आजीव सदस्यांची कल्पना हाही सोसायटीचा मोठा वारसा. शिकवणारे आणि चालवणारे एकच, तुटपुंजा पगार, वीस-वीस वर्षे सेवेची हमी. महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्थांनी ती उचलली. सगळ्यांनी नाही. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी सुरू केली, तिची नोंदणी झाली ती १९३५ मध्ये. सोळा वर्षे संस्था चालली ती भाऊरावांच्या नावावर आणि लोकांच्या विश्वासावर. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा त्याला ना सनद होती ना सरकारी मान्यता. 'गृहीतागमा' ही पदवी त्या विद्यापीठाने आपल्याच हिमतीवर दिली. कायद्याची मान्यता स्वातंत्र्यानंतर आली. कागद आधी की काम आधी, याचे एकच उत्तर इतिहास देत नाही.

दोन नोंदी, एक संस्था

१९५० मध्ये मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा केला आणि 'सार्वजनिक न्यास' या व्याख्येत धर्मादाय सोसायट्यांनाही ओढून घेतले. तेव्हापासून महाराष्ट्रातली बहुतेक शिक्षणसंस्था दोन नंबर बाळगते: एक सोसायटीचा, एक न्यासाचा, 'एफ'ने सुरू होणारा. लेटरहेडवर दोन्ही छापलेले असतात. सोसायटी म्हणून ती सदस्यांची संघटना, निवडणुकीवर चालणारी. न्यास म्हणून ती लोकांची ठेव, धर्मादाय आयुक्तांच्या नजरेखाली. जमीन विकायची तर आधी परवानगी. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट.

चेंज रिपोर्ट हा शब्द महाराष्ट्रातल्या संस्थाचालकांच्या तोंडी इतका बसलेला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द कुणी वापरत नाही. निवडणूक झाली, पराभूत गटाने हरकत घेतली, की चौकशी सुरू होते. ती पुढच्या निवडणुकीपर्यंत चालू शकते. तोवर शाळेचा कारभार कुणाचा? पगारबिलावर सही कुणाची, मुख्याध्यापक कुणी नेमायचा? मुंबई उच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की निवडणुकीने झालेला बदल अंमलात यायला रिपोर्ट मंजूर होईपर्यंत थांबावे लागत नाही. २०१७ च्या दुरुस्तीने तात्पुरत्या स्वीकृतीची सोयही झाली. तरी वाद संपले नाहीत, कारण मूळ अडचण कार्यालयाच्या दिरंगाईत नाही. संस्था सदस्यांची की समाजाची, याचे उत्तर कायद्याने 'दोघांची' असे दिले आहे, आणि दोघे भांडले की काय हे सांगितलेले नाही.

शिक्षक या दोन्ही नोंदींच्या बाहेर राहिले. त्यांना आधार मिळाला तो १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याचा आणि शाळा न्यायाधिकरणाचा. आजीव सदस्य म्हणजेच शिक्षक, ही पुण्याची कल्पना एव्हाना बहुतेक ठिकाणी मोडीत निघाली होती. मालक आणि नोकर असे दोन पक्ष उभे राहिले होते.

सरकारने घटना बदलली तर?

डार्टमथसारखी दोन प्रकरणे भारतात सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि निकाल परस्परविरुद्ध दिशेने गेले. जाणकारांच्या चर्चेत ही जोडी वरचेवर येते.

पहिले दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे. हकीम अजमल खान यांच्या या संस्थेचे मंडळ १८६० च्या कायद्याखाली नोंदलेले होते. आतल्या भांडणानंतर दिल्ली विधानसभेने १९५२ मध्ये कायदा करून जुने मंडळ विसर्जित केले आणि मिळकत नव्या मंडळाकडे दिली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्या ओघात न्यायालयाने सांगितले की नोंदलेल्या सोसायटीत निगमाची काही लक्षणे असली तरी ती पूर्ण अर्थाने निगम नाही. अर्धे शरीर म्हणतात ते हेच.

दुसरे प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाचे. तीही नोंदलेली सोसायटी. तिथल्या वादात आधी उत्तर प्रदेशाने कायदा केला, तो टिकला नाही. मग १९६२ मध्ये संसदेने कायदा करून संमेलनाची नवी रचना ठरवली आणि तीत नवे सदस्य घातले. १९७१ मध्ये दमयंती नारंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. संघटना स्थापण्याच्या मूलभूत हक्कात, ज्यांनी ती स्थापली त्यांनाच ती चालवू देणे, हेही येते. मूळ सदस्यांच्या इच्छेविरुद्ध बाहेरचे लोक आत घातले की ती त्यांची संघटना उरत नाही.

मार्शल यांनी जे काम 'करार' या कल्पनेवर उभे केले, ते आपल्या न्यायालयाने 'संघटना-स्वातंत्र्या'वर केले. फरक महत्त्वाचा आहे. कराराने देणगीदाराची इच्छा वाचते, संघटना-स्वातंत्र्याने हयात सदस्यांची. मेलेल्या संस्थापकाचा हेतू सदस्यांनीच बहुमताने फिरवला तर हा दुसरा आधार उपयोगी पडत नाही; तिथे न्यासाचा कायदा लागतो. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर, सरकार मिळकतीचे व्यवस्थापन हलवू शकते पण संघटनेचे सदस्यत्व लादू शकत नाही, असा एक तोडगा काढता येतो. तो सर्वांना पटलेला नाही. मिळकत गेल्यावर संघटना कशाच्या जोरावर उभी राहणार, हा आक्षेप वजनदार आहे.

या वादाला अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणाने आणखी एक पदर जोडला. १९६७ च्या अझीझ बाशा निकालात म्हटले होते की विद्यापीठ १९२० च्या कायद्याने निर्माण झाले, तेव्हा ते अल्पसंख्याकांनी स्थापले असे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ती भूमिका बाजूला केली. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. संस्था स्थापणारे कोण आणि तिला कायदेशीर रूप देणारे कोण, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्याचे सार. प्रत्यक्ष दर्जाचा निर्णय मात्र लहान पीठाकडे सोपवला गेला.

सेवा, व्यवसाय की धंदा

तिसरी फळी पैशाची. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने शिक्षणाला धंदा म्हणायला नकार दिला आणि खासगी महाविद्यालयांच्या प्रवेश-फीची सरकारी योजना आखली. २००२ मध्ये टी.एम.ए. पै प्रकरणात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना मोडली. शिक्षणसंस्था चालवणे हा घटनेने हमी दिलेला व्यवसाय आहे, वाजवी शिल्लक ठेवता येईल, नफेखोरी मात्र नाही. २००५ मध्ये पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात विनाअनुदानित संस्थांवर सरकारी कोटा लादता येणार नाही असे ठरले. त्यावर संसदेने त्याच वर्षी घटनादुरुस्ती करून आरक्षणाची वाट मोकळी केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटीच्या खटल्यात आयकर सवलतीसाठी संस्था केवळ शिक्षणासाठीच असली पाहिजे, असा कडक अर्थ लावला गेला.

वाजवी शिल्लक आणि नफा यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हे कुणी नीट सांगू शकलेले नाही. एका बाजूचे म्हणणे असे: नफा चोरून काढला जातोच. इमारतीचे भाडे कुटुंबातल्याच कंपनीला, वह्या-गणवेश नात्यातल्याच दुकानातून. त्यापेक्षा कंपनी म्हणून उघड चालू द्या, कर घ्या, ताळेबंद तपासा. दुसऱ्या बाजूचे म्हणणे: विसर्जनानंतर वाटणी नाही, या एका कलमावर शाळेची जमीन शाळेकडे राहिली आहे, ते काढले की पहिल्या मंदीत शाळेच्या जागी टॉवर उभा राहील. महाराष्ट्राच्या २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यात २०१७ च्या नागपूर अधिवेशनात कंपन्यांसाठी दुरुस्ती आली तेव्हा हाच वाद पुन्हा रंगला. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण पहिलीने दाखवलेल्या पळवाटा खऱ्या आहेत.

सध्याची तडजोड म्हणजे कंपनी कायद्यातले कलम ८. कंपनी आहे, पूर्ण शरीर आहे, पण लाभांश नाही. सीबीएसईच्या २०१८ च्या संलग्नता नियमांत सोसायटी आणि ट्रस्टच्या बरोबरीने तिला जागा आहे. खासगी विद्यापीठांच्या बाबतीत तर चक्र पुरे फिरले आहे. सोसायटी किंवा ट्रस्ट प्रायोजक म्हणून उभा राहतो आणि विधिमंडळ त्याच्या विद्यापीठाला कायद्याने निगमाचे रूप देते. महाराष्ट्राने सुरुवातीला प्रत्येक खासगी विद्यापीठासाठी वेगळा कायदाच केला होता, अगदी १७८० च्या अँडोव्हरसारखा.

सामरवरणीत काय?

दादरा-नगर हवेलीत हे सगळे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इथे मुंबई राज्याचे कायदे आपोआप आले नाहीत. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा मुक्त झाले. त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने कारभार पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ पासून भारतात विलीनीकरण अंमलात आले. १९६१ च्या कायद्याने जुने कायदे तूर्त चालू ठेवले, दुसऱ्या राज्यात लागू असलेला कायदा अधिसूचनेने इथे आणण्याचा अधिकार केंद्राला दिला, आणि उच्च न्यायालय मुंबईचे ठरवले. २०२० मध्ये दमण-दीवशी एकत्रीकरण झाले, तिथली कायद्यांची परंपरा आणखी निराळी. म्हणून सीमेपलीकडच्या पालघर जिल्ह्यातल्या संस्थेचा अनुभव इथल्या संस्थेने जसाच्या तसा घेता कामा नये. कोणता कायदा कोणत्या अधिसूचनेने आला आहे, हे आधी तपासावे लागते. इथला निकाल मात्र शेवटी त्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या वाटेने जातो.

वारली, कोकणा, धोडिया वस्तीच्या या भागात कारखाने आले, त्यांच्या मागे देशभरातून कुटुंबे आली, आणि खासगी शाळा या दुसऱ्या लोंढ्याबरोबर वाढल्या. त्यांच्या बहुतेक संस्थापकांची ही पहिलीच पिढी आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीला जे प्रश्न सहाव्या वर्षी पडले आणि रयतला भाऊरावांच्या पश्चात पेलावे लागले, ते इथे आता येऊ लागतील. जमीन एखाद्या विश्वस्ताच्या वैयक्तिक नावावर आहे की संस्थेच्या, घटनेत सदस्य वाढवण्याची तरतूद आहे की मूळ सात घरांपुरतीच ती बंद आहे, विसर्जन झाले तर मिळकत कोणत्या संस्थेकडे जाईल हे नाव घालून लिहिले आहे का: हे तीन कागद पाहिले की शाळा कुणाची याचा निम्मा अंदाज येतो.

उरलेला निम्मा भाग पालक आणि शिक्षक यांचा. सनद, सोसायटी, न्यास, कंपनी या चारही साच्यांत त्यांना मुळातून जागा नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बसवले, पण विनाअनुदानित खासगी शाळा त्या तरतुदीच्या बाहेर ठेवल्या. पालक-शिक्षकांना आत घ्यायचे तर संघटना-स्वातंत्र्याचा १९७१ चा निकाल आडवा येतो, बाहेर ठेवायचे तर 'लोकांची ठेव' हे न्यासाचे तत्त्व पोकळ ठरते. या दोहोंचा मेळ घालणारा कायदा आजवर कुठल्या राज्याने लिहिलेला नाही.